अल् बिरुनी : गझनीच्या दरबारातील भारताभ्यासक

सोरटी सोमनाथचे मंदिर गझनीच्या महमुदाने इ.स. १०२६ मध्ये लुटले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच महमुदाच्या पदरी असलेल्या एका विद्वानाने त्यानंतर चारपाच वर्षांतच आपल्या ग्रंथात सोमनाथविषयी बरेच लिहून ठेवले. सोमनाथ या नावाचा अर्थ काय, समुद्राच्या भरतीशी चंद्राचा संबंध कसा आणि किनाऱ्यावरच्या शिवलिंगाला भरतीचे पाणी स्नान घालते या श्रद्धेमागे कोणते निरीक्षण आहे, याचे त्यात शांतपणे केलेले विवेचन आहे. हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. हा विद्वान म्हणजे अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल् बिरुनी. आपल्याकडे इतिहासाच्या पुस्तकांत तो 'अल्बेरुनी' या नावाने येतो आणि बहुधा 'परदेशी प्रवासी' या सदरात ह्युएन त्संग व इब्न बतूता यांच्या शेजारी बसवला जातो. हे वर्णन अपुरे आहे. बिरुनी मुळात गणिती आणि खगोलज्ञ होता. शिवाय भारताच्या उंबरठ्यावर तो हौसेने आला नव्हता, त्याला आणले गेले होते.

बिरुनीचा जन्म ४ सप्टेंबर ९७३ रोजी अरल समुद्राच्या दक्षिणेस असलेल्या ख्वारिज्म प्रांतात, काथ या राजधानीलगत झाला. हा भाग आज उझबेकिस्तानात मोडतो. फारसी 'बिरून' म्हणजे बाहेर. शहराबाहेरच्या वस्तीतला म्हणून तो बिरुनी, अशी या नावाची रूढ व्युत्पत्ती आहे. त्याच्या घराण्याविषयी काहीच माहिती मिळत नाही. आपला आजा कोण हे आपल्याला माहीत नाही, असे त्यानेच एका उपरोधिक कवितेत म्हटले आहे. त्याची मातृभाषा ख्वारिज्मी ही इराणी कुळातील भाषा होती. ग्रंथलेखन मात्र त्याने मुख्यत्वे अरबीतच केले, कारण बगदादपासून बुखाऱ्यापर्यंत शास्त्राची भाषा तीच होती. मातृभाषेत शास्त्र लिहायला गेले तर ते विचित्र दिसेल, असे उतारवयात त्याने स्पष्टच लिहून ठेवले. त्या म्हणण्यात तक्रार नाही. व्यवहाराची नोंद तेवढी आहे.

ख्वारिज्मच्या राजघराण्यातील अबू नस्र मन्सूर हा त्याला गुरू म्हणून लाभला. गोलीय त्रिकोणमितीत या गुरूचे स्वतःचे स्थान मोठे आहे. पुढे त्याने डझनभर प्रबंध आपल्या या शिष्याला उद्देशून लिहिले, यावरून दोघांचे नाते कसे होते याची कल्पना येते. वयाच्या सतराव्या वर्षी बिरुनीने माध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजून काथचे अक्षांश काढले. अक्षांश काढणे त्या मानाने सोपे. रेखांश काढणे फार अवघड. दोन गावांच्या रेखांशांतील अंतर काढायचे तर दोन्हीकडच्या स्थानिक वेळांतील फरक कळायला हवा आणि एकाच क्षणी दोन्हीकडे दिसेल अशी एखादी घटना त्यासाठी हवी. चंद्रग्रहण ही अशी घटना आहे. २४ मे ९९७ च्या चंद्रग्रहणाचा वेध बिरुनीने ख्वारिज्ममध्ये घेतला आणि आधी ठरवल्याप्रमाणे बगदादमध्ये अबुल् वफा या थोर गणितज्ञाने घेतला. दोन वेळांची तुलना करून त्यांनी दोन शहरांमधील रेखांशांचे अंतर निश्चित केले. तारायंत्रे नव्हती, टपाल उंटाघोड्यांवरून जात होते, अशा काळात शेकडो कोसांवरच्या दोन अभ्यासकांनी एकाच रात्री ठरवून केलेले हे काम आजही कौतुकास्पद वाटते.

तोवर ख्वारिज्ममध्ये राजकीय उलथापालथ होऊन गेली होती. ९९५ मध्ये गुरगंजच्या मामुनी घराण्याने काथच्या राजवंशाचा उच्छेद केला. तरुण बिरुनीला परागंदा व्हावे लागले आणि पुढची काही वर्षे भटकंतीत व विवंचनेत गेली. कॅस्पियन समुद्राच्या आग्नेयेकडील गुरगानचा राजा काबूस याच्या आश्रयाला असताना, इ.स. १००० च्या सुमारास, त्याने 'अल् आसार अल् बाकिया' हा आपला पहिला मोठा ग्रंथ लिहिला. 'गतकाळाच्या उरलेल्या खुणा' असा या नावाचा आशय आहे. ग्रीक, यहुदी, ख्रिस्ती, पारशी, अरब अशा नाना समाजांच्या कालगणना, सणवार आणि पंचांगपद्धती यांचा हा तौलनिक कोशच आहे. बुद्धिबळाच्या पटावरील चौसष्ट घरांत दामदुपटीने धान्याचे दाणे ठेवत गेल्यास किती होतील, हा आपल्या परिचयाचा हिशेबही त्यात आहे. १८,४४६,७४४,०७३,७०९,५५१,६१५ हे अचूक उत्तर बिरुनीने दिले आहे.

याच ग्रंथात ख्वारिज्मविषयी एक कडवट नोंद येते. आठव्या शतकाच्या प्रारंभी अरब सेनापती कुतैबा इब्न मुस्लिम याने ख्वारिज्म जिंकले. त्या वेळी स्थानिक लिपी जाणणारे, जुन्या परंपरा सांगणारे आणि त्यांचे अध्यापन करणारे लोक त्याने नाहीसे केले. परिणामी तेथील प्राचीन इतिहास आता खात्रीने कळण्याचा मार्ग उरला नाही, असे बिरुनी लिहितो. तो श्रद्धावान मुसलमान होता आणि आक्रमक त्याच्याच धर्माचा होता, तरी त्याने ही नोंद गाळली नाही. जिंकणाऱ्याच्या हातून जिंकलेल्याच्या विद्येचे काय होते, हे त्याला आपल्या मायभूमीवरून ठाऊक होते. पुढे भारताविषयी त्याने जे लिहिले ते वाचताना ही नोंद ध्यानात ठेवावी लागते.

याच सुमारास विशीच्या आतबाहेर असलेल्या इब्न सीनाशी त्याचा पत्रव्यवहार झाला. वैद्यक व तत्त्वज्ञानातील हा भावी महापंडित ॲरिस्टॉटलचा पक्ष घेणारा, तर बिरुनी त्याच ॲरिस्टॉटलच्या सिद्धान्तांवर शंका घेणारा. बिरुनीने एकूण अठरा प्रश्न विचारले. थंडीने घट्ट झालेला पदार्थ जड व्हायला हवा, मग बर्फ पाण्यावर का तरंगतो, हा त्यांपैकी एक. उत्तरांनी त्याचे समाधान झाले नाही. त्याने तिखट प्रत्युत्तर पाठवले, तेव्हा इब्न सीनाने आपल्या एका शिष्याला पुढे केले. दोन प्रतिभावंतांमधला हा वाद पुरेसा सभ्य नव्हता, पण वाचनीय आहे.

१००४ च्या सुमारास बिरुनी ख्वारिज्मला परतला आणि ज्यांनी आपल्या आश्रयदात्यांना संपवले त्या मामुनी घराण्याच्याच दरबारात मानाने राहिला. हे स्वास्थ्य फार काळ टिकले नाही. १०१७ मध्ये तेथील शहाचा खून झाला, ते निमित्त साधून महमुदाने ख्वारिज्म जिंकले आणि लुटीबरोबर तेथील विद्वानही गझनीला नेले. बिरुनी आणि त्याचा गुरू अबू नस्र हे दोघेही त्यांत होते. बिरुनी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. गझनीत त्याची गणना मानकऱ्यांत होती की बंदिवानांत, याचे एकशब्दी उत्तर देता येत नाही; बहुधा दोन्हींत. दरबाराला खगोलज्ञ हवा होता, पण त्याने कोठे जावे हे दरबार ठरवत होता. महमुदाविषयी त्याच्या लेखनात कृतज्ञतेचा सूर क्वचितच लागतो.

या काळातला एक प्रसंग त्यानेच नोंदवला आहे. १४ ऑक्टोबर १०१८ रोजी तो काबूलजवळच्या एका खेड्यात होता. मन अस्वस्थ, हाताशी एकही उपकरण नाही. तेव्हा त्याने हिशेबाच्या पाटीच्या मागच्या बाजूवर वर्तुळाचा कंस काढला, त्यावर अंशांच्या खुणा केल्या, ओळंबा लावला आणि सूर्याची उंची मोजून त्या जागेचे अक्षांश काढले. 'तहदीद' या त्याच्या ग्रंथात ही हकीकत आहे. दोन स्थळांमधील भौगोलिक अंतर कसे काढावे, हा या ग्रंथाचा विषय. त्यातला व्यावहारिक हेतू गझनीहून मक्केची दिशा निश्चित करण्याचा होता, पण ग्रंथ त्याच्या कितीतरी पुढे जातो.

पृथ्वीच्या मापनाचा त्याचा सुप्रसिद्ध प्रयोग याच विचारांतून आला. त्यापूर्वी, नवव्या शतकात, बगदादच्या खलिफा मामूनने सिंजारच्या वाळवंटात ज्योतिषांच्या तुकड्या पाठवल्या होत्या. ध्रुवाची उंची एक अंशाने बदलेपर्यंत सरळ उत्तरेकडे व दक्षिणेकडे चालत जायचे आणि चाललेले अंतर मोजायचे, अशी ती पद्धत. एका अंशाला ५६ पूर्णांक २ तृतीयांश अरबी मैल असा निष्कर्ष त्यातून निघाला होता. बिरुनीला वाळवंट तुडवण्याऐवजी डोंगर चढणे अधिक सोयीचे वाटले. प्रथम गुरगानच्या हद्दीत एका सपाट प्रदेशात त्याने प्रयत्न केला, पण साहाय्य न मिळाल्याने तो तडीस गेला नाही. पुढे महमुदाच्या सैन्यामागोमाग पंजाबात आल्यावर झेलमनजीकच्या मिठाच्या डोंगररांगेत नंदना किल्ल्याजवळ त्याला हवा तसा डोंगर सापडला. दक्षिणेला विस्तीर्ण सपाट मैदान आणि त्याच्या कडेला एकाएकी उठलेला उंच कडा, अशी ती जागा होती. आज ती पाकिस्तानात आहे.

प्रयोगाची रीत साधी आहे. मैदानात एकाच रेषेतल्या दोन ठिकाणांहून शिखराकडे पाहून कोन घ्यायचे आणि त्यांवरून डोंगराची उंची काढायची. ती ६५२ हातांहून किंचित अधिक भरली. मग शिखरावर जाऊन नजर आडव्या पातळीत धरायची आणि क्षितिजाची रेघ त्या पातळीच्या किती खाली दिसते ते मोजायचे. पृथ्वी सपाट असती तर हा झुकाव नगण्य राहिला असता. बिरुनीला तो ३४ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा अधिक मिळाला. डोंगराची उंची आणि हा कोन एवढे दोन आकडे हाती आले की काटकोन त्रिकोणाच्या गणिताने पृथ्वीची त्रिज्या निघते. ही कल्पना आपलीच असल्याचा आव त्याने आणला नाही. मामूनच्या काळात सनद इब्न अलीने हे केल्याचे तो सांगतो.

या प्रयोगाविषयी अलीकडे अनेक लेखांत व माहितीपटांत एक दावा हमखास आढळतो. बिरुनीचे उत्तर आधुनिक मापाशी जवळजवळ शंभर टक्के जुळते, असे त्यात सांगितलेले असते. हा दावा जरा सबुरीनेच घ्यावा. बिरुनीचा 'हात' नेमका किती सेंटिमीटरचा धरायचा, यावर किलोमीटरमधले उत्तर अवलंबून आहे आणि त्यात मतभेदाला जागा आहे. शिवाय वातावरणात प्रकाशकिरण वाकतो, त्यामुळे क्षितिजाचा दिसणारा कोन आणि भूमितीतला कोन एक नसतात. ३४ कलांत एका कलेचीही चूक झाली तरी त्रिज्येत सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडतो. मुख्य म्हणजे खुद्द बिरुनीनेही असा दावा केलेला नाही. आपले उत्तर मामूनच्या ज्योतिषांच्या उत्तराच्या जवळ आले, याचे समाधान त्याने मानले. पण त्यांची साधने अधिक सूक्ष्म होती आणि त्यांनी कष्टही जास्त घेतले होते, म्हणून प्रमाण मानायचे ते त्यांचेच, असे त्याने नमूद केले. स्वतःच्या प्रयोगाला दुय्यम स्थान देणारे शास्त्रज्ञ कोणत्याही शतकात फार सापडत नाहीत.

पंजाबातील या वास्तव्यातच त्याचा भारतीय विद्येशी खरा संबंध आला. भारतीय गणित व ज्योतिष अरबांना नवे नव्हते. ब्रह्मगुप्ताच्या सिद्धान्तावर आधारलेले ग्रंथ आठव्या शतकातच बगदादला पोहोचले होते आणि अल् ख्वारिज्मीने भारतीय अंकांवर पुस्तकही लिहिले होते. पण हे सारे अनुवादांच्या अनुवादांतून आलेले, नावे विद्रूप झालेले ज्ञान होते. बिरुनीने मूळ भाषाच शिकायची ठरवली. चाळिशी उलटलेल्या माणसाने संस्कृत शिकणे किती दुर्घट, हे त्याने मोकळेपणाने सांगितले आहे. एकाच वस्तूला अनेक शब्द, एकाच शब्दाला अनेक अर्थ, अरबी जिभेला न वळणारे उच्चार, नकलनविसांच्या हातून भ्रष्ट झालेल्या पोथ्या, आणि त्यातून सगळी शास्त्रे पद्यात! छंद जुळवण्याच्या नादात अर्थाची ओढाताण होते, ही त्याची तक्रार आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनाही पटेल. पोथ्या मिळवण्यासाठी आणि त्या समजावून देणारे पंडित दूरदूरहून आणवण्यासाठी त्याने खर्चाची पर्वा केली नाही. आरंभी तो पंडितांपुढे शिष्यासारखा बसे. पुढे तोच त्यांना गणिताची प्रमेये समजावून देऊ लागला, तेव्हा हे सारे कोणत्या भारतीय गुरूकडून शिकलास, असे ते त्याला विचारू लागले आणि विद्येचा सागर म्हणू लागले.

सांख्य आणि पातंजल योग यांवरील प्रत्येकी एक ग्रंथ त्याने अरबीत आणला. त्यांपैकी पतंजलीचा अनुवाद आजही उपलब्ध आहे. देवघेव एकतर्फी नव्हती. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा 'अल्माजेस्ट' भारतीयांसाठी संस्कृतात उतरवण्याच्या आणि ॲस्ट्रोलेब या यंत्राची माहिती श्लोकबद्ध करवण्याच्या उद्योगात आपण असल्याचे तो सांगतो. हे संस्कृत ग्रंथ आज हाती नाहीत, ही मोठीच हानी म्हटली पाहिजे.

'किताब अल् हिंद' या नावाने ओळखला जाणारा त्याचा ग्रंथ १०३० मध्ये, महमुदाच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात पूर्ण झाला. अरबीतले त्याचे पूर्ण शीर्षक लांबलचक आहे. हिंदूंच्या ज्या समजुती बुद्धीला पटतात आणि ज्या पटत नाहीत, त्या सर्वांची तपासणी, असा त्याचा आशय आहे. निमित्त एका संभाषणाचे झाले. अबू सह्ल नावाच्या एका विद्वानाशी बोलताना, विरोधी मताविषयी लिहिणारे लेखक ते मत किती बेपर्वाईने मांडतात, हा विषय निघाला. हिंदूंविषयी जे ग्रंथ प्रचलित होते ते असेच ऐकीव, एकमेकांवरून उतरवलेले होते. तेव्हा तूच प्रत्यक्ष माहितीवर आधारलेला ग्रंथ लिही, असा आग्रह झाला. ग्रंथाच्या ऐंशी प्रकरणांत देवाची कल्पना, कर्मविपाक, मोक्ष, वेद व पुराणे, छंदशास्त्र, वजनेमापे, लिपी, बुद्धिबळ, भूगोल, ग्रहगणित, युगे व मन्वंतरे, चातुर्वर्ण्य, विवाह, दायभाग, उपवास, सण असे विषय आले आहेत. पद्धत ठरलेली आहे. आधी प्रश्न, मग हिंदू ग्रंथकारांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत, मग प्लेटो, गेलन किंवा सूफी यांच्या विचारांशी तुलना. हे खंडनमंडनाचे पुस्तक नाही, हिंदूंचे म्हणणे आपण जसेच्या तसे पुढे ठेवत आहोत, असे त्याने आरंभीच बजावले आहे.

महमुदाच्या स्वाऱ्यांचे परिणाम त्याने झाकले नाहीत. या स्वाऱ्यांनी देशाची भरभराट नष्ट केली, लोक धुळीच्या कणांसारखे विखुरले आणि उरलेल्यांच्या मनात मुसलमानांविषयी खोल तिटकारा बसला. म्हणूनच त्यांच्या विद्या जिंकलेल्या मुलुखातून उठून काश्मीर, बनारस अशा दूरच्या ठिकाणी गेल्या, असे तो लिहितो. सोमनाथचे लिंग फोडण्यात आले, त्याचा वरचा भाग गझनीला नेला गेला आणि त्यातील एक तुकडा मशिदीच्या दाराशी पाय पुसायला ठेवला गेला, हेही त्यानेच नोंदवले आहे. या नोंदीत जल्लोष नाही, निषेधही नाही. सुलतानाच्या वारसाच्या राज्यात राहून लिहिणाऱ्या माणसाने एवढे लिहिले, हेच पुष्कळ म्हणायचे. ख्वारिज्मविषयीची ती जुनी नोंद येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

भारतीयांविषयीही तो भिडस्त नाही. आपल्यासारखा देश नाही, आपल्यासारखे राजे नाहीत, आपल्यासारखे शास्त्र नाही, अशी या लोकांची समजूत आहे. परदेशी माणसाकडेही विद्या असू शकते हे त्यांना खरे वाटत नाही. त्यांचे पूर्वज असे संकुचित नव्हते, हे त्याचे मत आपल्याकडे वारंवार उद्धृत होते. पूर्वजांबाबतचा दाखला त्याने वराहमिहिराचा दिला आहे. यवन म्लेच्छ असले तरी शास्त्रात पारंगत असल्याने त्यांना मान द्यावा, असे वराहमिहिर म्हणतो. जातिव्यवस्था व सोवळेओवळे हा दोन समाजांमधला सर्वांत मोठा अडसर असल्याचे तो सांगतो. विटाळलेली गोष्ट निसर्गात पुन्हा शुद्ध होतच असते, मग माणूस कायमचा विटाळलेला कसा, हा त्याचा प्रश्न आहे. मात्र वर्गांची उतरंड प्राचीन इराणातही होती, हे सांगायला तो विसरत नाही.

ग्रंथातील सर्वांत विलक्षण भाग ग्रहणांसंबंधीचा आहे. चंद्रग्रहण पृथ्वीच्या छायेमुळे आणि सूर्यग्रहण चंद्र मध्ये आल्यामुळे होते, हे आर्यभट व वराहमिहिर यांनी सांगितले होते. ब्रह्मगुप्तालाही ते पक्के ठाऊक होते. त्याचे गणित त्यावरच उभे आहे. असे असूनही 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त तो एका ठिकाणी राहूच्या कथेची बाजू घेतो आणि ती न मानणाऱ्यांना दोष देतो. बिरुनी ब्रह्मगुप्ताला भारतीय ज्योतिषांमध्ये फार वरचे स्थान देत असे, म्हणूनच या जागी तो थबकतो. एवढ्या बुद्धिमान माणसाने जाणूनबुजून असे का लिहावे? मूर्खपणा हे उत्तर त्याला पटत नाही. सॉक्रेटिसावर जे संकट ओढवले तशाच एखाद्या संकटाने ब्रह्मगुप्ताला असे लिहायला भाग पाडले असावे, असा तर्क तो करतो. चारशे वर्षांपूर्वीच्या, परक्या धर्मातल्या एका गणितज्ञाची अडचण गझनीच्या दरबारातल्या माणसाला इतक्या जवळून का कळावी, याचे उत्तर वाचकालाच शोधावे लागते.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते या आर्यभटाच्या मताचाही त्याने विचार केला. पृथ्वी फिरते असे मानल्याने खगोलगणिताला काही बाध येत नाही, दोन्ही प्रकारे आकाशातल्या घटनांची संगती लागते, असे त्याचे म्हणणे. पृथ्वी फिरते असे गृहीत धरून अल् सिज्झी याने बनवलेल्या एका ॲस्ट्रोलेबचीही तो तारीफ करतो. स्वतः मात्र तो पृथ्वी स्थिर मानणाऱ्यांतच राहिला. आर्यभटाचा एकही मूळ ग्रंथ त्याला मिळाला नाही. जे कळले ते ब्रह्मगुप्ताच्या टीकेतून. त्यामुळे आर्यभट नावाचे दोन ज्योतिषी होऊन गेले, असा त्याचा ग्रह झाला होता.

ऐकीव माहिती टाळणाऱ्या या ग्रंथकाराला दक्षिणेविषयी मात्र ऐकीवावरच विसंबावे लागले. लाहोर, सियालकोट, मुलतान यांच्या पलीकडे आपण गेलो नाही, हे त्यानेच सांगितले आहे. मध्य भारतातील धार नगरीपासून दक्षिणेकडच्या वाटा देताना तो मऱ्हाट देश आणि त्यापुढे पंचवीस फर्सखांवर कोकण प्रांत, त्याची समुद्रकाठची राजधानी ठाणे, असा क्रम लावतो. ठाण्याचा राजधानी म्हणून येणारा हा उल्लेख उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळातला आहे. पण त्याच प्रकरणात कोकणच्या मैदानात 'शरभ' नावाचा प्राणी असल्याचेही येते. त्याला चार पाय खाली आणि पायांसारखेच चार अवयव पाठीवर असतात, आणि तो आपल्या शिंगांनी हत्तीवर हल्ला करतो! पुराणांतला शरभ असा थेट कोकणच्या भूगोलात शिरलेला पाहून मराठी वाचकाला हसू येईल. सांगणारा कोण होता कोण जाणे. पडताळून पाहायला बिरुनी ठाण्याला येऊ शकत नव्हता.

जेथे स्वतः पाहता आले तेथे त्याची नजर चुकत नाही. उत्तर भारताच्या मैदानात जमीन खणली तर पर्वतांजवळ मोठे गोटे, त्याखालच्या प्रदेशात लहान खडे आणि नद्यांच्या मुखांकडे बारीक वाळू लागते. यावरून हे मैदान एके काळी समुद्र असावे आणि नद्यांनी आणलेल्या गाळाने ते भरून आले असावे, असा निष्कर्ष त्याने काढला. रत्ने व धातू यांवरील त्याच्या कामातही हीच वृत्ती दिसते. शंकूच्या आकाराचे, अरुंद गळ्याचे आणि बाजूला वाकडी नळी असलेले एक भांडे त्याने बनवले. पाण्याने काठोकाठ भरलेल्या या भांड्यात धातूचा किंवा रत्नाचा तुकडा सोडायचा आणि नळीतून बाहेर पडलेले पाणी तोलायचे. या साधनाने सोने, पारा, शिसे, माणिक, पाचू इत्यादींच्या विशिष्ट गुरुत्वाची जी कोष्टके त्याने तयार केली, ती आधुनिक मूल्यांच्या बरीच जवळ आहेत.

महमुदाचा मुलगा मसूद याच्या कारकिर्दीत त्याला अधिक स्वास्थ्य लाभले. खगोलशास्त्रावरील आपला महाग्रंथ त्याने या सुलतानाच्या नावे केला. तोच 'अल् कानून अल् मसूदी'. त्याच्या मोबदल्यात सुलतानाने हत्तीवर लादून चांदी पाठवली आणि बिरुनीने आपल्याला तिची गरज नाही म्हणून ती परत केली, अशी कथा याकूत हा नंतरचा चरित्रकार सांगतो. उतारवयात दृष्टी व श्रवण मंदावले असताना त्याने औषधी द्रव्यांवरील 'अल् सैदना' हा ग्रंथ हाती घेतला. एकेका वनस्पतीची अरबी, ग्रीक, फारसी, भारतीय अशी अनेक भाषांतली नावे त्यात नोंदली आहेत, कारण नाव चुकले तर औषध चुकते. वयाची साठी उलटल्यावर त्याने आपल्या ग्रंथांची यादी केली, तीच शंभरावर जाते. आधुनिक अभ्यासकांच्या मोजणीनुसार एकूण संख्या १४६ च्या आसपास होती आणि त्यांतील जेमतेम बावीस शिल्लक आहेत. १०५० च्या सुमारास गझनीतच त्याचे निधन झाले. अखेरच्या घटकेला भेटायला आलेल्या एका न्यायशास्त्र्याला त्याने वारसाहक्काच्या एका किचकट मुद्द्याचा खुलासा विचारला आणि तो समजून घेतला; पाहुणा घराबाहेर पडून रस्त्यावर येतो तोच मागे आक्रोश ऐकू आला, असेही याकूतनेच लिहिले आहे.

इब्न सीनाचे ग्रंथ बाराव्या शतकात लॅटिनमध्ये गेले आणि युरोपात शतकानुशतके शिकवले गेले. बिरुनीच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. युरोपाला त्याची खरी ओळख एकोणिसाव्या शतकात झाली. एडुआर्ट साखाऊ या जर्मन पंडिताने कालगणनेवरील त्याच्या ग्रंथाची अरबी संहिता १८७८ मध्ये आणि 'किताब अल् हिंद'ची १८८७ मध्ये प्रसिद्ध केली. पाठोपाठ दोन्हींचे इंग्रजी अनुवादही आले. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांतला अल्बेरुनी याच अनुवादातून आलेला आहे.

काथ हे त्याचे गाव १९५७ पासून त्याच्याच नावाने ओळखले जाते आणि चंद्राच्या पलीकडच्या बाजूवरील एका विवरालाही त्याचे नाव आहे. ज्या भाषेत शास्त्र लिहिणे विचित्र दिसेल असे त्याला वाटले, ती ख्वारिज्मी भाषा मध्ययुगातच लोप पावली. तिच्यातील महिन्यांची, दिवसांची आणि सणांची नावे आज अभ्यासकांना माहीत आहेत, ती मुख्यतः सत्ताविसाव्या वर्षी गुरगानमध्ये बसून त्याने लिहिलेल्या 'अल् आसार अल् बाकिया'मुळे.